खांद्यावरचं तूप

२९ जून, रविवार

चि. सौ. रुपा हिला अनेक आशीर्वाद. मोठ्या जावेने आशीर्वादाने सुरुवात करायची असते म्हणून केली, उगीच हुरळून जाऊ नकोस.

पत्र पाहून नवल वाटलं असेल. माझ्या नंबरावरून तुझा फोन लागत नाही. खुशबूच्या नंबरावरून मात्र पहिल्या रिंगला लागतो. माझी पोटची पोरगी गच्चीवर जाऊन तुझ्याशी अर्धा अर्धा तास खिदळते, आणि मी जिन्यात आले की तिचा आवाज बारीक होतो. फोन बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही. म्हणून हे पत्र.

कामाचं लिहिते. परवा मनिष भाऊजींचा यांना फोन आला. आईंनी नंदी डिंपलला द्यायला सांगितलाय, तर धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत येऊन घेऊन जातो, असं म्हणत होते. सासूबाईंनी तसं सांगितलं हे खरं आहे. माझ्यासमोरच सांगितलं. "रुपाच्या घरी आता लेकरू आलं, नंदी तिकडं जाऊ दे. आपल्या खुशबूचं वय हाय काय आता नंदी ओढाचं?" मला कोणी विचारलं नाही. बावीस वर्षं मी या घरात आहे. सासऱ्यांनी शिवणीच्या एका ओंडक्यातून तो नंदी कोरला, खाली चाकं बसवली, तेव्हा मी नवी नवरी होते, भुसा मी झाडलाय. तू तेव्हा शाळेत जात असशील.

तर सांगायचं हे की भाऊजींनी येऊ नये. नंदीला बुरशी लागली आहे. पोटाखाली आणि मागच्या पायांच्या बेचक्यात पांढरी, शेपटीपाशी हिरवट. हात लावला की पीठ उडावं तशी उडते. तीन वर्षांच्या पोरीच्या हातात असलं काही देणं बरं नाही, श्वासाला वाईट असतं म्हणतात. मी औषधपाणी करते आहे. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला काही जमेलसं दिसत नाही. आणि तिला तरी एवढ्यात काय कळतं? मोठ्यांच्या बैलांचा पोळा आज, लेकरांच्या लाकडी नंदींचा उद्या, हे समजायलाच तिला दोन वर्षं जातील. लाखांदूरच्या बाजारातून एक छोटा रंगीत घेऊन दे. लेकरांना रंगच आवडतात.

डिंपल आल्याचं मला खुशबूकडून कळलं. संस्थेतून मूल घ्यायचं चार वर्षं चाललं होतं म्हणे. त्यातली तीन वर्षं आपण एका चुलीवर जेवलो, रुपा. मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस.

बाकी ठीक. सासूबाईंचे गुडघे दुखतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण तुझी आठवण काढायला डोळे कुठे लागतात?

रीता


९ जुलै, बुधवार

रुपा,

तुझं पाकीट आज आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मला वाटलं, चला, भांडायला लिहिलं असेल. पदर खोचूनच उघडलं. आत काय, तर वहीचा एक कागद, त्यावर तुझं ते गोल गोल अक्षर, आणि दाढीचा ब्रश! नवाकोरा. यांनी पाहिला आणि विचारलं, "माह्यासाठी पाठवली का वो?" घरात सगळ्यांनाच वाटतं की तू त्यांच्यासाठीच काहीतरी पाठवशील.

तू मला शिकवणार? बुरशी घरात झटकू नका, अंगणात न्या, नाकातोंडाला ओढणी बांधा. मऊ ब्रशने आधी कोरडी काढा. साबणाच्या पाण्यात फडका बुडवून घट्ट पिळा, शिवणीचं लाकूड नरम असतं, भिजू देऊ नका. व्हिनेगर लावून तासभर ठेवा. उन्हात ठेवू नका, तडकेल. सगळं वाळल्यावर डाग राहिले तर बारीक काचपेपर, आणि शेवटी टाकणखाराच्या पाण्याचा हात. मास्तरांची बायको झालीस तर मास्तरीण झाल्यासारखं वाटतंय का?

आणि ती एक ओळ. "ताई, आधी खांदे बघा, तूप तिथेच मुरतं." म्हणजे आता आमच्या खांदशेकणीत खोड काढायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकले की वाटीत उरतं ते नंदीच्या खांद्यांना लावायचं, ही सासऱ्यांनी घातलेली रीत आहे. नंदी लाकडाचा आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनीच केला होता. तरी लावत होते.

खाली लिहिलंस, "डिंपलला पुढच्या वर्षी दिला तरी चालेल, नंदीला जपा." खरं सांगू? हेच मला सहन होत नाही. तू भांडत नाहीस. तू चांगली वागतेस आणि मग जी कोणी शेजारी उभी असेल ती वाईट दिसते. नऊ वर्षं तुझ्या शेजारी मीच उभी होते.

मागच्या वर्षी माईकवर काय म्हणाले आठवतं ना? "पहिला नंबर, रुपाताईंचा नंदी!" रुपाताईंचा. झूल शिवली तू, बेगड लावलीस तू, बाशिंग केलंस तू, मान्य. कला आहे तुझ्या हाताला, मी नाही म्हणत नाही. पण वर्षभर त्याच्यावरची धूळ कोण पुसतं? कपाटावरून उतरवतं कोण, चढवतं कोण? माईकवाल्याला माझं नाव माहीत नव्हतं. देवळापुढच्या सगळ्या बाया माझ्याकडे बघून हसल्या. निदान मला तसं वाटलं. त्यानंतर मी जे बोलले ते बोलले. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

खुशबूने सकाळी विचारलं नंदी कुठे आहे म्हणून. मी सांगितलं, मोहाडीला सुताराकडे औषधाला दिलाय. सासूबाईंनी ऐकलं आणि गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की मला घाम फुटतो, तुला ठाऊक आहे.

तुझा कागद तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. फेकला नाही इतकंच.

रीता


१९ जुलै, शनिवार

रुपा,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. यांच्या आधी मी हे कोणाला सांगत असेन तर तुलाच सांगते आहे, यावरून समज.

नंदीला बुरशी नव्हती.

मी २९ जूनला तुला लिहिलं तेव्हा नंदी कपाटावर ठणठणीत उभा होता. पोटाखालची पांढरी, शेपटीपाशी हिरवट, सगळं मी मनाने लिहिलं. मागे आपल्या पाटावर आली होती तशी लिहिली. भाऊजी येतील आणि नंदी उचलून नेतील, आणि गावात पुन्हा सगळे म्हणतील की बरं झालं, रुपाचा नंदी रुपाकडे गेला. मला ते नको होतं. दुसरं काही कारण नाही. चांगलं कारण शोधलं, सापडलं नाही.

आता खोटं निभवायचं तर नंदी डोळ्यांसमोर नको. सासूबाई शेजारच्या खोलीत, खुशबू दिवसभर घरात. मग मी त्याला निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वरून नायलॉनची दोरी घट्ट आवळली, आणि मागच्या कोंड्याच्या खोलीत तणशीच्या ढिगामागे ठेवला. त्या खोलीला खिडकी नाही. गिरणीतून आणलेला कोंडा, ढोरांची तणस, आणि आमचा नंदी. मनात म्हटलं, तान्हा पोळा झाला की काढू. आणि रोवणीला लागले. आठ दिवस पाऊस असा लागून होता की ओलं लुगडं दुसऱ्या दिवशी ओलंच अंगावर चढवत होतो. नंदीची आठवणही झाली नाही मला. म्हणजे झाली, पण बरी झाली, की आहे जागेवर.

गुरुवारी म्हशीसाठी कोंडा काढायला गेले तर दारातच कुबट वास. तणस ओढली. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब धरले होते. दोरी कापली, उघडलं.

रुपा, मी तुला लिहिलं होतं ते सगळं होतं. पोटाखाली पांढरी, शेपटीपाशी हिरवट. पण ते काहीच नाही. दोन्ही खांद्यांवर पंजाएवढी, काळपट हिरवी, केसाळ. सासऱ्यांचे हात मला दिसले, पटाशी धरलेले. डोळे कोरताना ते श्वास धरून ठेवायचे, आम्हाला बोलू द्यायचे नाहीत.

शिक्षा झाली वगैरे मी मानत नाही. प्लास्टिकमध्ये कोंडलं, वारा लागू दिला नाही, लाकडाने घाम धरला, झालं. पण हे माझ्या हातून झालं. पाऊस सगळ्या गावावर पडला, इतरांचे नंदी कपाटांवर कोरडे आहेत.

हे वाचून तू भाऊजींना सांगशील. सांग. सासूबाईंना मी अजून सांगितलं नाही. त्यांच्या नवऱ्याने केलेली ही एकच वस्तू घरात उरली आहे. ती गेली तर मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने ताट ठेवू?

रीता


२ ऑगस्ट, शनिवार

रुपा,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी केलं आहे.

तरी कळवते. सुरुवातीला तुझा कागद पाहायचा नाही असं मी ठरवलं होतं. मला काय लाकूड कळत नाही? फडक्याने खसाखसा पुसलं आणि वरून खोबरेल तेल चोळलं. असा चमकला की मी स्वतःवरच खूश. तीन दिवसांनी त्याच जागी पुन्हा पांढरी, आणि आता कानांवरही. तेल खाऊन माजली होती. मग राग आला आणि मी त्याला सिमेंटच्या अंगणात टळटळीत उन्हात ठेवला. पावसानंतरचं ते भाजणारं ऊन. दुपारी टक् असा आवाज आला. पोटावर बोटभर चीर गेली आहे. आता ती कायमची.

मग मी तांदळाचा डबा उघडला.

नाकातोंडाला ओढणी बांधली, तुझा कागद पायलीखाली दाबला आणि एक एक ओळ वाचून एक एक काम केलं. प्रत्येक ओळीला तुला एक शिवी दिली, ती धरून घे. ब्रश चांगला आहे. शिंगांच्या मुळाशी, खुरांच्या खाचांत बरोबर जातो. झटकायचा नाही, कडेकडेने काढून ओल्या फडक्यावर घ्यायची, हे तू लिहिलं नव्हतंस. ते मी शोधून काढलं. व्हिनेगर मोहाडीच्या बाजारात मिळालं. टाकणखारासाठी तुमसरला जावं लागलं, यांनी विचारलं, "नंदीले आंघोळ घालून राहिली का लग्न लावून राहिली त्याचं?" यांना आता माहीत आहे. यांनी ऐकून घेतलं आणि तडकलेल्या चिरेवरून बोट फिरवून शेतावर गेले. ते मला जास्त लागलं.

आता खांद्यांचं. साबणाच्या कोमट पाण्याचा फडका खांद्यांवर फिरवला तर फडका पिवळा. पुन्हा फिरवला, पुन्हा पिवळा. मागच्या पोळ्याचं तूप आणि हळद, अकरा महिन्यांचं, लाकडात शिरलेलं. बुरशीला जेवण वाढून ठेवल्यासारखं. मी घासत बसले होते आणि खुशबू बादली घेऊन आली. म्हणाली, "आई, काकू तं दरवर्षीच पुसे. तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, गरम पाण्याच्या फडक्यानं. बकेट मीच धरे. मागच्या वर्षी तुमचं भांडण झालं, मंग राहून गेलं."

 पाच वर्षांपूर्वी मीच तुला पाहिलं होतं ना ते तूप पुसताना? आणि मी काय केलं? सरळ सासूबाईंकडे गेले. "आई, रुपा खांदशेकणीचं तूप पुसून टाकते. तिला आपल्या रीतीची काही किंमत नाही." सासूबाई तुझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. ते दोन दिवस मला फार गोड गेले, रुपा. त्यांनी दोन्ही दिवस चहा माझ्याच हातचा घेतला.

तू एका शब्दाने म्हणाली नाहीस की लाकूड खराब होईल म्हणून पुसते. का नाही म्हणालीस? म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. पण तू म्हणायला पाहिजे होतं. आणि पुढेही दरवर्षी लपून पुसत राहिलीस. माईकवर तुझं नाव घेतलं ते झुलीसाठी घेतलं, पण नंदी इतकी वर्षं टिकला तो कोणामुळे हे गावाला माहीत नाही. मला आता माहीत आहे, आणि मला त्याचाही हेवा वाटतो. धूळ पुसणारी मी, एवढी एक गोष्ट मी माझी म्हणून धरली होती. तीही तूच जास्त केली होतीस.

रोज दुपारी पंख्याखाली ठेवते आहे. वास कमी झाला.

रीता


१२ ऑगस्ट, मंगळवार

रुपा,

नंदी बरा आहे. हे खरं लिहिते आहे. विश्वास बसणार नसेल तर खुशबूला विचार, तिने फोटो पाठवले असतीलच.

दहा दिवस झाले, नवी बुरशी आली नाही. काचपेपर मारला, अगदी हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेने. टाकणखाराचं पाणी दोनदा लावलं. आता मधल्या खोलीत पाटावर उभा आहे, भिंतीपासून हातभर लांब, अंगावर सुती लुगड्याचा तुकडा, खिडकी उघडी. बाजूला वाटीत चुना ठेवला आहे, ओल ओढून घ्यायला. रोज सकाळी खांद्यांना नाक लावून वास घेते. शेजारच्या विमलाबाईंनी पाहिलं आणि त्यांना वाटलं मी नंदीच्या कानात नवस बोलते आहे.

पण खांद्यांवरचे डाग गेले नाहीत. काळे, ढगासारखे, दोन्ही बाजूंना. आणखी घासलं तर सासऱ्यांनी दिलेला खांद्याचा उंचवटा जाईल, म्हणून थांबले. ऑइल पेंट मारून झाकायचं मनात आलं होतं. डबा आणलाही. उघडला नाही. आतली ओल पूर्ण गेली की नाही कोण जाणे, आणि मला आता झाकाझाकीची भीती बसली आहे.

काल सासूबाई म्हणाल्या, "काहून वो रीता, नंदी आला काय सुताराकडून? आण माह्याजवळ." मी आणून मांडीजवळ ठेवला. त्यांनी शिंगं चाचपली, मग पाठ, मग पोट. चिरेपाशी बोट थांबलं. मग वाकून खांद्याचा वास घेतला. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "कोंड्याच्या खोलीत ठेवली होतीस नं? मले वास आला होता. तुह्या लुगड्याले येत होता."

त्यांना सगळं माहीत होतं. इतके दिवस त्यांना माहीत होतं आणि त्या माझ्या हातचं जेवत होत्या. मी रडले. म्हटलं, आई, चुकलं माझं, माफ करा. तर काय म्हणाल्या माहीत आहे? "मले सांगून काय होते? मी काय रुपा आहो? तू तिले देवळापुढं जे बोलली ते मी ऐकली होती. चार पावलांवर उभी होती मी. नंदीचं तं लाकूड होय, घासलं की निंगते."

एवढं बोलून कुशीवर वळल्या. मग भिंतीकडे तोंड करून पुन्हा, "रुपा राहती तं इतके दिवस लागले नसते." एवढं सगळं झाल्यावरही तुझंच नाव! मला हसू आलं, रुपा, आणि रागही आला.

तान्हा पोळा तेवीसला आहे. भाऊजींना पाठवू नकोस.

रीता


२० ऑगस्ट, बुधवार. लाखांदूर, बसस्थानक

रुपा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून पत्ता लिहिला नाही.

सकाळी साडेसातला निघाले. मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून इकडे. नंदी मांडीवर, सुती लुगड्यात गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, "बायांले अर्धं तिकीट हाय मावशी, नंदीले नाही." सगळी गाडी हसली. एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण आज ऐकून घेतलं.

साडेबाराला मी तुझ्या घरापाशी आले होते. तुला कळलं नाही. समोरच्या किराणा दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. म्हटलं, पदर नीट करू, दम खाऊ, मग जाऊ. मनात सगळं जुळवून आणलं होतं. मी दारात उभी, हातात नंदी, तू डोळ्यांत पाणी आणून म्हणतेस, ताई. मी मोठी जाऊ, मोठ्या मनाची.

तू अंगणात बसून डिंपलच्या तळव्यातला काटा काढत होतीस. ती रडत नव्हती, तुझे केस ओढत होती आणि तू ओढू देत होतीस. मग ती उठली आणि दोरी बांधलेला पुठ्ठ्याचा खोका ओढत अंगणभर पळाली. खोक्याला तू कागदाची शिंगं लावली आहेत. त्यालाही बेगड लावली आहेस तू! दुकानदाराची बायको मला म्हणाली, "पोळ्याची तयारी चालू हाय मॅडमची. लय हौशी बाई हाय." मला तिथे उभ्या उभ्या वाटलं, हिला काही कमी नाही. नंदी आणला नसता तरी हिचं चाललं असतं. आणि मला त्याचा इतका राग आला की मी तशीच वळले आणि इथे येऊन बसले. घरी सांगेन, भेटली नाही, असं ठरवलं. दोन गाड्या सोडल्या आणि लिहायला घेतलं.

आता ते लिहिते. पाच पत्रांत टाळलं.

मागच्या तान्ह्या पोळ्याला, बक्षिसाचं ताट तुझ्या हातात असताना, सगळ्या गावासमोर मी तुला म्हणाले होते, "सजवून काय होते वो? ओढाले लेकरू लागते."

मी ते रागाच्या भरात बोलले नव्हते. तुझं नाव माईकवर आल्यापासून मी ते वाक्य तोंडात धरून होते, कुठे लागेल ते बघत. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं. तू ताट खाली ठेवलंस आणि घरी गेलीस, दोन महिन्यांत भाऊजींनी बदली मागून घेतली. तेव्हा तुमचं संस्थेचं चाललं होतं, तुम्ही दर महिन्याला नागपूरला खेटे घालत होता, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गप्प बसले असते असं लिहिणार होते. पण ते खरं आहे की नाही मला सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

त्याची माफी मागते. नंदीची पण मागते, पण ती नंतर.

मला तुझा हेवा वाटतो, रुपा. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून वाटतो. सासूबाई, खुशबू, नंदी, आणि आता ती खोका ओढणारी पोर. इथे बाकड्यावर बसले आहे तरी वाटतो आहे. हेवा गेल्यावर येईन म्हटलं असतं तर मी कधीच आले नसते. म्हणून तो असतानाच आले.

नंदीचं सांगते, कारण आता तुलाच बघायचं आहे. प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस हे तुला सांगणं म्हणजे कमाल आहे, पण सांगते. पोटाच्या चिरेत पाणी जाऊ देऊ नकोस. खांद्यांवरचे डाग तसेच आहेत. वर झूल घातली की दिसणार नाहीत, पण डिंपलने विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. आणि तान्हा पोळा झाला की तूप पुसून घे. सासूबाईंनी सांगितलंय. "रुपाले म्हण, तूप लाव आणि पुसून घे. दोन्ही कर."

उद्या खांदशेकणी, परवा पोळा, घरी माझी कामं खोळंबली आहेत. भंडाऱ्याची शेवटची गाडी आत्ता माझ्यासमोरून गेली. कंडक्टरने "चला मावशी" म्हणून दोनदा हाक मारली. मी बसूनच राहिले. म्हणजे आता या गावात माझ्या ओळखीचं एकच घर आहे.

हे पत्र दाराखालून आत सरकवते आणि पायरीवर बसते. सगळं वाच, वेळ घे. दार मात्र हळू उघड. नंदी दाराला टेकून उभा असेल, चाकांवर सरळ आत येईल.

रीता